कुरडया, प्लेटा आणि दिवसाचं पाणी

आमच्या पारनेरकडं शेतीची लाईट बरेचदा रात्रीच येते. माझा मुलगा टेम्पोवर, घरी कमी अन् रस्त्यावर जास्त. मग रात्री कांद्याच्या वाफ्यांची दारं फोडून पाणी वळवायला जाणार कोण? सून. शेजारच्या उसात बिबट्या दिसला त्या दिवशी मी सांगून टाकलं, आता ही पोरगी रात्री शेतात जाणार नाही. वाकून दारं धरणारी बाई अन् वासरू, त्याला काय फरक कळतोय?

म्हणून मी हट्टानं विहिरीवर सोलर बसवून घेतला. दिराला ते अजिबात पटलेलं नव्हतं.

एक दिवस भर उन्हात पाण्याची धार एकदम बारीक झाली. दीर बांधावरनंच ओरडले, "वहिनी, तुमचा सूर्य दमला वाटतं! आता कांदा वाळायच्या आत रात्रीच्या लाईटीवर पाणी द्या. सुनेला सांगा तयार राहायला."

"ती जायची न्हाई," मी म्हणाले.

"मग तुमी जाता का?"

"मी बी जायची न्हाई. आधी बघून तर येते."

जाऊन बघते तर काय, आमच्या धाकट्या जाऊबाईंनी सोलरच्या शेवटच्या दोन प्लेटांवर धोतर पसरून कुरडया वाळत घातलेल्या! बिचारी म्हणाली, "अक्का, काच कशी स्वच्छ हाय, अन् तापती बी चांगली. बाकीच्या मोकळ्याच हायेत की."

मी धोतराची चारी टोकं धरून कुरडया उचलल्या. जरा वेळानं धार फुगली.

दीर तिथवर आलेच होते. "दोनच तर झाकल्या हुत्या," ते पुटपुटले.

मी म्हटलं, "भावजी, काच तापून वीज होत न्हाई. उजेड पडला की होते. या प्लेटा एकीला एक जोडलेल्या हायेत. दोघी अंधारात बसल्या की बाकीच्यांचं बी बळ कमी पडतं. ती वीज त्या पेटीत जाते, पेटी तिला मोटारीजोगी करते. सूर्याला कशाला नावं ठेवता?" हे मी बसवायला आलेल्या माणसांच्या मागं लागून विचारून घेतलं होतं. शाळा माझी नाही झाली, पण तोंड आहे ना विचारायला!

त्यांना हार मानवेना. "अन् उद्या खरोखरचं आभाळ आलं मंग?"

"मंग परवा पाणी देऊ."

"कांदा बारीक राहील."

"राहू द्या बारीक. बारका कांदा बी बाजारात जातो. माझी सून रात्री शेतातनं माघारी न्हाई आली, तर तुमी आणून देणार का?"

वाफ्यापाशी थांबलेल्या सुनेनं पदर खोचला, खोरं घेतलं अन् लख्ख उन्हात पुढच्या वाफ्याचं दार फोडलं.