विलासचं इंजिन आणि मित्रांचे हात

काही घरांत रिकामे डबे साचतात, काही घरांत प्लॅस्टिकच्या पिशव्या. आमच्या मुलुंडच्या घरात पितळेचा भुसा साचतो आणि किस्से साचतात. भुसा निदान झाडूने निघतो. किस्से डोक्यात बसून राहतात, आणि कोणी "काय मग, इंजिन कुठवर आलं?" विचारलं की भडाभडा बाहेर पडतात. आता विचारलंच आहे तुम्ही, तर बसा आणि ऐका.

इंजिन म्हणजे खरंखुरं वाफेचं इंजिन, फक्त हातभर लांबीचं. बाहेरून किट येतं. खोक्यात बॉयलर, चाकं, पितळेचे पत्रे आणि मुगाच्या दाण्याएवढे स्क्रू. ते सगळं जोडायचं, खाली स्पिरिट पेटवायचं, आत पाणी उकळलं की रुळावर पळतं. ह्या वेडात तिघं जण. एक माझा नवरा विलास. दुसरा त्याचा कॉलेजचा मित्र म्हात्रे, घाटकोपरला दातांचा डॉक्टर. तिसरा कांदिवलीचा तावडे, विमा कंपनीतून रिटायर झालेला, पण बोलणं अजून मालवणीच. प्रत्येकाचं आपापलं इंजिन, आणि जोडणी तिन्हींची माझ्या डायनिंग टेबलावर! पोरं परवडली. मोठी झाली की टेबल सोडतात तरी.

* * *

तावड्याचं इंजिन सगळ्यात आधी रंगाला आलं. तो काळा रंग पक्का व्हायला मंद आचेवर भाजावा लागतो म्हणे. तावडेवहिनी गावाला गेल्या होत्या, ओव्हन रिकामाच होता. ह्याने बॉयलर आत ठेवला आणि ट्रेमध्ये खाऱ्या बिस्किटांसारखी चाकं मांडली. रंग झकास बसला.

वहिनी परत आल्या आणि नातीच्या वाढदिवसाला त्याच ओव्हनमध्ये केक केला. पाहुण्यांनी पहिला घास घेतला आणि बश्या हळूच खाली ठेवल्या. शेवटी वहिनींच्या जाऊबाईंनी विचारलं, "रंगकाम काढलंयस का गं घरात?"

नात रडायला लागली. आणि हा माणूस आत जाऊन इंजिन घेऊन आला! "केक सोडा, बॉयलर बघा. रंगाचो एक टवको उडाक नाय!"

वहिनींनी तेव्हापासून केक केलेला नाही. मी असते तर स्वयंपाकच बंद केला असता.

* * *

म्हात्रेची तर वेगळीच तऱ्हा. त्याला पत्र्याला बारीक भोकं पाडायची होती, आणि दातांचं ड्रिल आयतं हाताशी. पेशंटला इंजेक्शन दिलं की हिरडी बधिर होईपर्यंत थांबावं लागतं ना, तेवढ्या वेळात हा आतल्या खोलीत जाऊन इंजिनाचं काम करायचा.

एकदा एक बाई खुर्चीत आ करून बसलेल्या. आतून ड्रिलची घरघर चालू. मग एकदम म्हात्रेचा आवाज, "च्यायला, आरपार गेलं!"

बाई उठल्या आणि गळ्यातल्या नॅपकिनसकट जिना उतरल्या. असिस्टंट मागे धावत गेली, "अहो मॅडम, ते तुमचं नव्हतं, इंजिनाचं होतं!" त्यावर बाई आणखी जोरात पळाल्या.

म्हात्रेला वाईट वाटलं. पेशंट गेल्याचं नाही, पत्रा फुकट गेल्याचं.

* * *

आता ह्यांचा एक नियम सांगते, तो ऐकून ठेवा. दुसऱ्याच्या इंजिनाला हात लावायचा नाही. बघायला आलात तर हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. काही दाखवायचंच असेल तर अगरबत्तीच्या काडीने, तेही लांबून. बाकी कशात शिस्त नाही, पण ह्यात तिघंही कडक. ज्याचं इंजिन, त्याचाच हात.

माझा भाऊ गोरेगावहून भाऊबीजेला आला. आल्या आल्या विलासचं अर्धवट इंजिन उचललं, उलटं केलं, चाक फिरवलं. "खेळणं भारी आहे यार!"

विलास पुढे झाला, भावाच्या नाकावरचा चष्मा काढला, उलटासुलटा केला, काडी वर-खाली केली. "हेही छान आहे. काय करतात ह्याचं?"

पुढच्या वर्षीपासून भाऊबीज मी गोरेगावला जाऊन करते.

पण मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, विलास स्वतःच्या इंजिनासमोरही हात मागे बांधून उभा राहतोय. मित्रांना वाटलं, सवय झाली असेल. मी मागून बघितलं. डाव्या हाताने उजवा हात दाबून धरला होता, आणि तरीही तो हलत होता.

* * *

डॉक्टरने त्याला कागदावर गोल गोल चकली काढायला सांगितली. हे म्हणे कंपवाताच्या आजारात सगळ्यांनाच काढायला लावतात. ज्या माणसाने मुगाएवढे स्क्रू बसवलेत, त्याने चकली काढली. भूकंप झाल्यासारखी रेघ होती. डॉक्टर बघत राहिला, मी बघत राहिले.

विलास म्हणाला, "कागद हलला."

डॉक्टर तरुण होता, हसला. मग त्याने विचारलं, "काका, हॉबी वगैरे आहे का काही? बागकाम, गाणी?" विलास म्हणाला, "वाफेचं इंजिन बनवतो." "अरे वा! करत राहा, मन रमतं."

मन रमतं! कानाखाली द्यावीशी वाटली मला, खरं सांगते.

रिक्षात बसल्यावर विलास म्हणाला, "डोकं ठणठणीत आहे म्हणाला ना तो? मग झालं. हे एक इंजिन पुरं करतो. माझ्या हाताने. मग हातांना काय करायचं ते करू देत." मी म्हटलं, "कर." दुसरं काय म्हणणार? तेवढंच मागत होता तो.

* * *

गोळी घेतली की थोडा वेळ हात शांत राहायचा. तेवढाच वेळ कामाचा. त्या वेळात कोणी बेल वाजवली, विलास दचकला, की गेला तो दिवस. कुरियरवाला, इस्त्रीवाला, शेजारची प्रसाद द्यायला येणारी, सगळ्यांना नेमकी तीच वेळ सापडायची. म्हणून त्याने दारावर पाटी लावली: 'काम चालू आहे. बेल वाजवू नये.'

चौथ्या दिवशी बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी, सोबत वॉचमन. "परमिशन न घेता रिनोव्हेशन काढलंय तुम्ही. भिंत तोडताय की टाइल्स?"

मी त्यांना टेबलापाशी नेलं. विलास भिंग लावून बसलेला, चिमट्यात एक स्क्रू, आणि बेलमुळे हात थरथरतोय. स्क्रू पडला. टेबलाखाली गेला. विलास त्याच्याकडे बघत राहिला.

मला वाटलं, आता तरी ह्यांना लाज वाटेल. सेक्रेटरींनी इंजिन नीट निरखलं आणि म्हणाले, "ह्यात सिव्हिल वर्क काही नाही ना?"

स्क्रू मी शोधून दिला. गुडघे टेकून, त्यांच्या पायांमधून!

* * *

बॉयलरच्या दोन्ही बाजूंना एक दांडी असते. खऱ्या इंजिनावर माणसं ती धरून चालतात. ह्या इंजिनावर ती म्हणजे सुईएवढी तार, आणि ती बारीक बारीक कड्यांतून ओवायची. विलासला त्या एका तारेने किती छळलं, काय सांगू. आख्खी दिवाळी त्यात गेली. शेवटी बसली. थोडी वाकडी, मधे झोळ पडलेला. पण बसली! त्या दिवशी त्याने स्वतःहून श्रीखंड मागून खाल्लं.

नंतरच्या आठवड्यात तो फिजिओथेरपीला गेला होता. मी भाजी घेऊन आले तर घरात म्हात्रे आणि तावडे. चावी आमची दोघांकडेही असते. टेबलावर विलासचं इंजिन, आणि म्हात्रेच्या हातात ती तार. काढलेली.

"काय चाललंय हे?" मी ओरडलेच. "तुमचाच नियम ना रे? हात मागे ना?"

म्हात्रे म्हणाला, "वहिनी, नुसती तार नाही. चाकंही बरोबर बसलेली नाहीत. असंच ठेवलं तर हे जागचं हलणार नाही."

"मग नाही हलणार!"

तावड्याचे डोळे भरून आले होते. "वयनी, तुमी कायेक बोलू नकात. चलाक व्हया ना पण ता! नाय चलला तर तो काय करतलो?"

प्रेमाने करत होते, मेले! शिव्या तरी कशा घालायच्या? नवी तार एकदम सरळ बसली, पट्टीने आखल्यासारखी.

संध्याकाळी विलास टेबलाशी बसला. भिंग लावलं. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग भिंग ठेवलं आणि म्हणाला, "आमटी कसली आहे?"

पुढे तसंच चालू राहिलं. हा दुपारी बसवायचा, ते दोघं तो फिजिओला गेला की सुधारायचे. घरात कोणीच काही बोलायचं नाही. मीही नाही.

* * *

आणि मग इंजिन पुरं झालं. रविवारी सकाळी गच्चीवर रूळ मांडले. आख्खी विंग जमली. सेक्रेटरी सगळ्यांत पुढे, जसं काही ह्यांनीच परमिशन दिली होती. माझा भाऊ गोरेगावहून आला. तावडेवहिनींनी ढोकळा आणला, बाहेरचा.

पाणी भरलं, स्पिरिट पेटवलं. पहिली वाफ ज्याने बनवलं त्याने सोडायची, अशी ह्यांची रीत. सगळे म्हणाले, "चला विलासराव!"

विलास खुर्चीत बसला होता. म्हात्रेला म्हणाला, "तू सोड."

"छे छे! असं कसं? तुझं इंजिन, तूच सोड."

"सोड रे."

म्हात्रेने तावड्याकडे बघितलं. तावडे रुळांकडे बघायला लागला. शेवटी म्हात्रेनेच वाफेची चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि निघालं. काय पळालं म्हणून सांगू! वळणावर कुठे हेलकावा नाही, कुठे अडखळणं नाही. पोरं ओरडायला लागली, लोकांनी मोबाइल काढले, टाळ्यांचा कडकडाट. तावडे चक्क रडत होता.

म्हात्रे विलासच्या खुर्चीपाशी वाकला. घामाघूम झालेला, पण चेहरा फुललेला. "कसं पळतंय, विल्या?"

विलासने इंजिनाची आख्खी फेरी होऊ दिली.

"झकास रे. एकदम झकास. कुणाचं आहे?"