बियांना लागणारा धूर

आमच्या पेठकडच्या पाड्यावर निर्धूर चुली आल्या तेव्हा मी नाशकात, गंगापूर रोडवर कॉलेजात शिकत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले तर दोन तोंडांची नवी चूल आणि छपरातून बाहेर काढलेलं सिमेंटचं धुरांडं. मी हरखलेच. आई तीन वर्षं खोकत होती. भाकरी थापताना मध्येच हात टेकून बसायची, दम आला की पुन्हा थापायला लागायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, धुरात बसणं सुटलं नाही तर औषधं देऊन उपयोग नाही.

दिवाळीला आले तेव्हा घर पुन्हा धुराने कोंदलेलं होतं. धुरांड्यात चिंध्यांचा बोळा कोंबलेला.

"मीच घातला," आई म्हणाली. "वरती बी हाय."

चुलीवरच्या माळ्यावर पुढच्या पेरणीचं बियाणं असायचं. मक्याची कणसं, वाल, उडीद. त्याला रोज धूर लागला तर कीड लागत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण दोन वर्षं शहरात काढून मी फारच शहाणी झाले होते. शिवाय स्वभाव तापट. मी भांडभांड भांडले, बोळा ओढून काढला आणि आईला माझी शपथ घातली. दारात जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. प्रत्येकीच्या धुरांड्यात बोळा होताच.

आईने शपथ पाळली. पावसाच्या तोंडावर माळा उतरवला तेव्हा मक्याचा भुगा झालेला, वालाला भोकं पडलेली. आमच्याकडे धान्य मागितलं तर कुणी काही म्हणत नाही, पण बी मागायला आलेल्या बाईकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. आई घरोघरी पदर पसरून फिरली. सगळ्यांनी ओंजळ-ओंजळ दिलं. मी आमच्या दारात उभी राहून बघत होते.

त्यातूनच पुढचं घडलं. शेजारची म्हातारी म्हणाली, "बियांलाच येगळं घर बांधा ना." पाड्याने मनावर घेतलं. कारवीच्या काड्यांच्या कुडाची एक खोली उभी राहिली, मधोमध चूल, वर सगळ्यांच्या बियाण्याचा माळा. रोज एका घराने लाकूड आणायचं आणि धूर करायचा, अशा पाळ्या लागल्या. घराघरातले बोळे निघाले. कॉलेजात मी याच्यावर भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या.

एक गोष्ट मात्र पाड्यावर जन्मलेल्या मलाही सुचली नाही. दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो. सगळे दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला जातात.

जानेवारीत न कळवता घरी गेले. वडील कामावर गेलेले. स्वयंपाकघर लख्ख, भिंती सारवलेल्या, काजळीचा डाग नाही. आई कुठेच दिसेना. शेवटी बियांच्या खोलीत सापडली. ओलं लाकूड चुलीत सारत होती आणि खोकून खोकून वाकली होती.

खोकला असल्यामुळे मुकादम तिला कामावर नेत नव्हता. मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांत चालतीफिरती तीच. कुडाच्या खोलीत विस्तव सोडून जाता येत नाही, कुणीतरी बसावंच लागतं. पूर्वी ती स्वयंपाकापुरती धुरात असायची, आता दिवसाचा दिवस.

"सगळ्यांच्या पाळ्या तूच का करतेस?" मी ओरडले.

"आपलं बी गेलं तवा त्यांनीच दिलं ना पोरी. आता कसं नाय म्हणू?"

माझ्या हट्टापायी तिला मागावं लागलं होतं, आणि त्या मागण्याने ती इथे बांधली गेली होती. मला माझीच किळस आली. माझ्याबरोबर नाशकाला चल म्हटलं, तर तिने माळ्याकडे नुसतं बोट दाखवलं. पाड्याची सगळी पेरणी वर टांगलेली होती.

दोन दिवस तिला घरी बसवून मी धूर केला. सोमवारी परीक्षा होती. रविवारी दुपारी एसटी पकडायला निघाले तेव्हा आई माझ्या हातातलं लाकूड घेऊन चुलीपुढे बसली. वळणावरून मी मागे पाहिलं. एरवी ती दारात येऊन हात करायची, त्या दिवशी तेवढा दम तिच्यात नव्हता.