पाइप स्वयंपाकघराखाली आहे

त्याला सगळे कानसेन म्हणत. पाणीपुरवठा खात्यात तो चौतीस वर्षं व्हॉल्व्हमन होता. जमिनीखालचा पाइप तो लोखंडी सळईनं शोधायचा. सळईचं एक टोक मातीत खुपसायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग चार पावलं सरकायचं, पुन्हा ऐकायचं, आणि टाच आपटून सांगायचं, "इथं खणा." खणलं की पाइप निघायचाच. नकाशा घेऊन येणाऱ्या साहेबलोकांवर त्याचा राग होता. तो म्हणायचा, "नकाशा काढणारा खुर्चीत बसलेला असतो. पाइप टाकणाऱ्याला मध्येच खडक लागतो, तो वळसा घालतो. तो वळसा कागदावर कोण काढणार?"

अशा माणसानं स्वतःचं घर बांधताना मात्र नकाशावर विश्वास ठेवला. कारण उघड होतं. नकाशा त्याच्या सोयीचा होता.

निवृत्त झाल्यावर त्यानं गावाबाहेर जमिनीचा एक तुकडा घेतला. मोठा पाइप शेजारच्या जमिनीतून जातो, असं खात्याच्या कागदावर होतं. पाइपाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचा पट्टा मोकळा सोडावा लागतो, त्यावर बांधकाम चालत नाही. ती डोकेदुखी शेजाऱ्याची, म्हणून कानसेननं सळई बाहेरसुद्धा काढली नाही.

शेजारी वेल्डर होता. पत्र्याच्या शेडमध्ये तो फाटकं आणि खिडक्या करायचा. त्याच्याशी पहिल्याच महिन्यात वाजलं. विजेचा खांब वेल्डरच्या अंगणापलीकडे, त्यामुळे तार त्याच्या अंगणावरून यायची होती, आणि वीज कंपनीला त्याची संमती हवी होती. कानसेन तीनदा कागद घेऊन गेला.

"काका, उद्या मला शेड उंच करायची झाली तर?" वेल्डर म्हणाला. "तार तुमची, डोकं माझं."

"अरे, एक कोपरा तर आहे!"

"मग दुसऱ्याचा कोपरा बघा."

तेव्हापासून बोलणं बंद. पुढची खोली आधी बांधून नवराबायको तिथं राहायला आली होती. दुपारी कानसेन जरा आडवा झाला की पलीकडे ग्राइंडर किंचाळायला लागे. मुद्दाम करतो, अशी त्याची खात्री होती.

स्वयंपाकघराच्या भिंती खिडकीच्या वरपर्यंत आल्या, तेव्हाची गोष्ट. पाया जेमतेम हातभर खोल होता, आत अजून मातीची भरणी होती. गवंड्याला दोरी बांधायला काहीतरी हवं होतं, म्हणून कानसेननं जुनी सळई आणून ठोकली आणि सवयीनं कान लावला. लहान पाइप शीळ घालतो, मोठा घुमतो. खाली घुमत होतं. जाड, सलग, थेट स्वयंपाकघराच्या मधून.

त्यानं बायकोला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं तीस वर्षं भाड्याच्या खोलीत, झोपायच्या गादीपासून हातभर अंतरावर स्टोव्ह पेटवला होता. या स्वयंपाकघराची खिडकी कुठे, ओटा किती उंच, हे तिनं गवंड्याच्या मागे उभं राहून ठरवलं होतं.

"अहो, तुमचे कान आता म्हातारे झालेत," ती म्हणाली. "आणि झाले नसले तरी गप्प बसा."

तो गप्प बसला.

पुढच्याच आठवड्यात खात्यानं पट्टे मोकळे करायची मोहीम काढली आणि वेल्डरच्या शेडवर नोटीस चिकटली. पंधरा दिवसांत शेड काढा. वेल्डर ती नोटीस मुठीत धरून कुंपणाशी आला.

"तुमचंच खातं ना, काका? एका सहीसाठी माझ्या पोटावर पाय देता?"

"मी?" कानसेनचा आवाज चिरकला. "मला तक्रार करायची असती तर तुझ्या तोंडावर केली असती! असल्या चोरट्या धंद्यातला नाही मी!"

"सगळे असंच म्हणतात."

घरात येऊन तो धुसफुसत बसला. जन्मात कुणाची चहाडी केली नाही आणि हा कालचा पोरगा! बायको शांतपणे म्हणाली, "सुंठीवाचून खोकला गेला. तुम्ही काय केलंत? काहीच नाही."

ते 'काहीच नाही' त्याला रात्रभर टोचत राहिलं.

सोळाव्या दिवशी साहेब आले. नकाशा, टेप, चुन्याची पिशवी आणि खणायला चार माणसं. चुन्याची रेघ शेडच्या मधोमध गेली. वेल्डर मुद्दाम ग्राइंडर चालू ठेवून ओरडत होता, "साहेब, शेडचे खांब रोवताना मी कमरेइतकं खणलंय! कुठं लागला पाइप?"

"नकाशात आहे," साहेब म्हणाले.

कानसेन आपल्या पायरीवर चहाचा कप धरून बसला होता. बोलायचं नाही, असं ठरवून बसला होता. साहेबांनी त्याला ओळखलं.

"आजोबा, तुम्ही आमच्याच खात्यातले ना? तुम्ही वाचलात हं. सावलीत बसा." मग ते आपल्या माणसांना म्हणाले, "पूर्वी हे व्हॉल्व्हमन लोक सळई कानाला लावून सांगायचे. सगळं अंदाजपंचे. बरं झालं, नकाशे आले."

कानसेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप पायरीवर आपटला, कान तुटला.

"अंदाजपंचे? चौतीस वर्षं तुमचं खातं माझ्या कानावर चाललं! पाइप तिथं नाही!"

"मग कुठे आहे?"

बायको दारात उभी होती. तिनं मान हलवली, नाही म्हणून. कानसेननं ते पाहिलं. पण शब्द तोवर तोंडातून निघाला होता.

"माझ्या स्वयंपाकघराखाली."

साहेब हसले. मग त्याला सळई आणताना पाहून हसायचे थांबले. कानसेननं स्वयंपाकघरातल्या मातीत सळई रोवली आणि कुंपणापलीकडे बोट रोखलं. "आधी ते बंद कर!"

ग्राइंडर थांबला. तिथं इतकी शांतता पहिल्यांदाच झाली होती. कानसेननं ऐकलं, एक पाऊल सरकला, टाच आपटली. "खणा!"

मांडीइतकं खणल्यावर पहार ठणकली.

"हं," साहेब म्हणाले. "म्हणजे हे बांधकाम काढावं लागेल."

"आधी नकाशा चुकला म्हणा."

"तसं लेखी देता येत नाही. तुम्ही नकाशा दुरुस्तीचा अर्ज करा, सोबत नकाशाची प्रत जोडा."

"कुठली? चुकलेली?"

"मंजूर तीच आहे."

साहेब गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण." नंतर दोन दिवस त्याचं ताट आपटूनच ठेवत होती. कानसेनला तिचा राग पटत होता, म्हणून जास्तच चिडचिड होत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी वेल्डर छिन्नी-हातोडा घेऊन आला. न विचारता भिंतीवर चढला आणि वरच्या थरापासून विटा सोडवायला लागला, एकेक, अख्खी. दुपारी त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. तारेची संमती होती, सही केलेली.

"तुझे उपकार नकोत मला," कानसेन म्हणाला.

"उपकार कसले? काकूंच्या नव्या खिडकीची चौकट मीच बसवणार. त्याला ड्रिल लागतं, ड्रिलला वीज लागते."

"पोटावर पाय देतो म्हणालास मला."

"म्हणालो." वेल्डर वीट खाली देत म्हणाला. "चुकलो, काका. धरा."

कानसेननं वीट धरली. आतून बायकोचा आवाज आला, "खिडकी या वेळी मागच्या बाजूला हवी. आणि ओटा तेवढाच लांब. खोली लहान झाली तरी!"

स्वयंपाकघर निम्म्याहून लहान झालं. ओटा तेवढाच लांब राहिला, म्हणून आत दोघांना एका वेळी उभं राहता येत नाही. अर्ज कानसेननं चारदा केला. चारदा परत आला, प्रत जोडली नाही म्हणून. चुकलेला नकाशा तो स्वतःच्या हातानं जोडणार नव्हता.

वर्षभरानं खात्याची दुसरी माणसं आली, तोच नकाशा घेऊन. त्यांनी शेडच्या दारात चुन्याची पिशवी उघडली. वेल्डर वाद घालत बसला नाही. त्यानं ग्राइंडर बंद केला आणि कुंपणावरून हाक मारली, "काका, सळई!"

काका केव्हाच निघाले होते. सळई हातात होती, आणि संतापानं कान लाल झाले होते.