बिडाचा खांब

जर्मनीत डार्मश्टाटजवळच्या आमच्या छोट्या स्टेशनावर तो रोज सकाळी भेटतो. मूळचा सांगलीचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात लोखंड आणि काचेच्या नव्या इमारती कशा उभ्या राहिल्या, यावर इथे पीएचडी करतोय. आला की आधी फलाटावरच्या खांबावर टकटक करतो, मग माझ्याकडे बघतो.

"दादा, बीड आहे, ओतीव लोखंड. आतून पोकळ. छपराचं पाणी यातूनच खाली जातं. युक्ती गेनाऊ, अगदी इंग्लंडातली!"

हे मी शंभरदा ऐकलंय. त्याला मात्र दरवेळी तेवढंच नवल वाटतं. वर छताकडे बघत बसतो आणि कधीकधी गाडीही चुकवतो.

आज पाऊस होता. उद्यापासून जुनं छप्पर आणि खांब काढणार, अशी सूचना फलाटावर लागली होती. त्याने ती दोनदा वाचली. मग खांबाला कान लावून आतून वाहणारं पाणी ऐकत उभा राहिला.

गाडी आली. चढण्याआधी त्याने खांबावर तळहात ठेवला. मला रोज नुसतं 'च्युस', म्हणजे जर्मनमध्ये 'बाय', करून जाणारा हा माणूस त्या खांबाला हळूच म्हणाला, "येतो."