खांबजवळच्या धाकट्या देवीला सांगून निघताना

डॉक्टरांनी सुमनला घरी न्यायला सांगितलं. आता औषधं कशाला, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. ती म्हणाली, "माझ्या माहेरच्या देवीची ओटी तेवढी भरून या." म्हणून निघालो.

पेणहून रोह्याची एसटी धरा, पण नागोठण्यावरून थेट जाणारी नको. खांबवरून जाते का, ते आधी विचारा. मी कंडक्टरला तीनदा विचारलं. "बाबा, खांब आलं की मीच उतरवतो, बसा," तो वैतागून म्हणाला. तरी वडखळपासून पिशवीतला नारळ चाचपत होतो आणि शेजारीण सुमनला वेळेवर पाणी देईल का, याचाच घोर लागला होता. ओटीचं सामान पेणमधूनच न्या, देवळापाशी दुकान नाही. खांबला वडापाव मिळतो. मला गिळवला नाही.

पुढे रिक्षा. शेतात वाल फुलला होता. टेकडीखाली कौलारू देऊळ, आत शेंदूर लावलेली एकच शिळा. इतकी वर्षं सुमन आत जायची आणि मी बाहेर चपला राखायचो. पुरुषाने ओटी भरायची नसते, हेही गुरविणीने सांगितलं तेव्हा कळलं.

"बायको नाय आली?"

"तिला उठवत नाही."

"मंग मी भरते तिच्या नावानं."

ओटी झाली. मी हात जोडले आणि सवयीने म्हणालो, "येतो गं आई."

गुरवीण थांबली. दारातला रिक्षावाला हसला, "बाबांनी देवीला वाट बघायला बसवली."

"गप रे," ती म्हणाली आणि मला सांगू लागली. साती बहिणी धरमतरच्या खाडीवर आंघोळीला निघाल्या होत्या. इथे धाकटीचा पाय मुरगळला. थोरल्या म्हणाल्या, तू बस गो हितंच, आम्ही येतो. "त्या काय आल्या नाय. ही बसलीच हाय. म्हणून हितं 'येतो' म्हनायचं नाय, 'जातो' म्हनायचं."

"मग आता?"

"आता यायला लागंल. दोघं या."

दोघं. परतीच्या एसटीत धाटावच्या कंपनीतली शिफ्ट सुटलेली पोरं मोबाईलवर गाणी लावून बसली होती. मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

घरी सुमन जागी होती. "सांगायचं राहिलंच. निघताना 'जातो' म्हणालात ना?"

"हो," मी म्हणालो. तिने डोळे मिटले.

तुम्ही गेलात तर एवढं ध्यानात ठेवा. मी मात्र दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघालो आणि उंबऱ्यातच अडकलो. 'जातो' कसं म्हणू? आणि 'येतो' म्हणायला जीभ उचलेना. पिशवी परत खुंटीला लावली आणि तिच्या पायाशी जाऊन बसलो. त्या दिवशी चहा कोराच झाला.