जर्मनी, व्हाया सोलापूर

मराठी, इतिहास, भाषाशास्त्र असले विषय शिकवणाऱ्या माणसासाठी या देशात जेवढी म्हणून पारितोषिकं, अभ्यासवृत्त्या आणि प्रवास अनुदानं असतील, त्यातल्या एकाही समितीला आमच्या सरांनी अर्ज केल्याशिवाय सोडलेलं नाही. लग्नाची पत्रिका बघून माणसं खुलतात, सर अर्जाचा नमुना बघून खुलायचे. विद्यापीठाचं परिपत्रक आलं की आम्ही बाकीचे सुट्ट्या कुठं दिसतात ते बघायचो आणि सर थेट शेवटच्या पानावर जायचे. 'इच्छुकांनी अर्ज करावेत' एवढे तीन शब्द दिसले की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. अर्जात 'इतर माहिती, असल्यास' म्हणून बोटभर जागा सोडलेली असते. तिथं आपण आडवी रेघ मारतो. सर तिथं 'सोबत जोडली आहे' असं लिहायचे आणि चौदा पानं जोडायचे. मी नव्वदच्या सुमारास कोल्हापूरच्या त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला रुजू झालो, तेव्हा स्टाफरूममध्ये ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "पावणं, इंग्रजी टाइप येतं न्हवं?" येतं, म्हणालो. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लांब नोकरी ठरली.

सर मराठीचे. गाव गडहिंग्लजच्याही पलीकडं, जिथून पुढं एसटीच्या पाट्या दोन लिप्यांत दिसायला लागतात. घरात आईशी कन्नड, वडिलांशी मराठी आणि गोठ्यात बैलांशी तिसरंच काहीतरी, अशा तीन भाषांत ते वाढले. ती तिसरी भाषा हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता. माणूस जनावराशी काय बोलतो? बैलाला चालवताना काय म्हणतो, थांबवताना काय म्हणतो, कोंबड्यांना दाणे टाकताना कुठला आवाज काढतो, आणि दहा मैलांवर तो आवाज कसा बदलतो? "माणसं माणसाशी काय बोलतात ते लिवायला सारी दुनिया बसलीय की," सर म्हणायचे. "जनावराशी बोललेलं कोण लिवणार? जनावर काय लिवून ठेवत न्हाय!" हे सांगताना त्यांचा आवाज असा चढायचा की शेजारच्या वर्गातली मुलं आपोआप गप्प बसायची.

ऊस गाळपाचा हंगाम आला, की कॉलेज सुटल्यावर सर कसबा बावड्याच्या रस्त्याला लागायचे. कारखान्याबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असायची. तोडीसाठी बीडकडून टोळ्या यायच्या, त्यांचे बैलही तिकडचेच. म्हणजे सरांना घरबसल्या परमुलूख. गळ्यात टेपरेकॉर्डर अडकवलेला हा जाडजूड गृहस्थ गाडीच्या बरोबरीनं धापा टाकत पळायला लागला, की गाडीवाले घाबरायचे. एक जण तर हात जोडून म्हणाला, "सायेब, मारीत न्हाई म्या बैलाला. निस्तं बोलतोय." सर रस्त्यात नाचायचेच बाकी राहिले. "तेच पायजे! तेच! काय बोलला?" तो बिचारा इतका भेदरला, की पुढचा अर्धा तास बैलाला 'अहो' म्हणत होता. गडहिंग्लजच्या बाजारात तर याहून मोठी मजा झाली. कुणीतरी सीमेपलीकडचा बैल घेतला होता आणि तो जागचा हलेना. "हैक रं, हैक" करून मालकाचा घसा बसला. सर पुढं झाले, बैलाच्या कानाशी कन्नडात "नडी, नडी" म्हणाले आणि बैल निघाला. सरांनी तिथंच उकिडवं बसून वही उघडली. बैल मात्र चालतच राहिला. भाजीवाल्यांच्या पालांतून जाऊन तो चहाच्या गाड्यापर्यंत पोचला, तेव्हा लोकांच्या ओरडण्यानं सर भानावर आले आणि थांबवायचा शब्द ओरडत धावले. त्या दिवशीच्या टेपवर बैलापेक्षा चहावाल्याचंच बोलणं जास्त आहे, आणि ते कुठल्याही प्रबंधात घालता येण्यासारखं नाही.

अर्ज जायचे आणि नकार यायचे. नकाराची पत्रं सर आम्हाला वाचून दाखवायचे, तीही कौतुकानं. एका समितीनं कळवलं, की आपला प्रस्ताव पशुसंवर्धन खात्याच्या कक्षेत येत असल्यामुळं तिकडं पाठवावा. मी चिडलो. सर उलट खूश. "वाचला की त्यांनी! निदान 'पशू' या शब्दापतोर तरी आलेच न्हवं?" पारितोषिकांचंही तसंच. त्यांच्या छोट्या पुस्तकाला तीन वेगवेगळ्या संस्थांनी तीन वेळा उत्तेजनार्थ पारितोषिक दिलं. शाल, नारळ, आणि निवेदकाचं "उत्तेजनार्थ" असं ठासून म्हणणं. तिसऱ्या वेळी घरी परतताना ते रिक्षात मला म्हणाले, "पावणं, माझ्यात उत्तेजन कमी हाय असं ह्यांना कुठं दिसतं वो?" आणि ते एवढ्या मोठ्यानं हसले, की रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं.

मग एक दिवस जर्मनीतून फॅक्स आला. कुणा परदेशी विदुषीनं त्यांचा लेख वाचला होता. माणूस आणि पाळीव जनावर यांच्यातल्या बोलण्यावर सप्टेंबरात परिषद होती, राहणं-जेवण त्यांचं, प्रवासाचं मात्र तुमचं तुम्ही बघा. एसटीडी बूथवाल्यानं तो कागद आणून दिला आणि सर तो घेऊन कॉलेजभर फिरले. प्राचार्य, ग्रंथपाल, शिपाई, बारावीच्या वर्गातली मुलं, सगळ्यांना दाखवून झाल्यावर त्यांना वाटलं, एवढा मोलाचा कागद चुरगळायला नको. म्हणून ते लॅमिनेशनला गेले. फॅक्सचा तो गुळगुळीत कागद उष्णतेनं काळा पडतो, हे त्यांना माहीत नव्हतं आणि दुकानदारालाही नव्हतं. यंत्राच्या एका बाजूनं निमंत्रण आत गेलं आणि दुसऱ्या बाजूनं चकचकीत, टिकाऊ, काळीकुट्ट पाटी बाहेर आली. क्षणभर सरांचा चेहराही तसाच झाला. मग म्हणाले, "असू दे. मागवू की दुसरं. तेवढंच आणि एक पत्र येईल!" दुसरं आलं, आणि प्रवास अनुदानाचा अर्ज गेला.

या वेळचा अर्ज साधा नव्हता. सरांची निवृत्ती पुढच्या उन्हाळ्यात होती आणि अनुदान फक्त नोकरीत असलेल्यांना. म्हणजे ही शेवटचीच संधी. मुलाखतीला मुंबईला बोलावलं, तेव्हा इंग्रजीत अडलं तर हाताशी असावा म्हणून त्यांनी मलाही एसटीत बसवलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. आतून पहिली दहा मिनिटं खुर्च्यांच्या करकरीशिवाय काही ऐकू येईना. मग एक पुरुषी आवाज चढला, "पण याचा समाजाला उपयोग काय?" त्यावर सर काहीतरी बोलले. आणि मग बंद दारामागून, स्पष्ट, बाईच्या आवाजात, "ती ती ती ती ती! आऽऽ! ती ती ती!"

दारावरचा शिपाई माझ्याकडं बघायला लागला. मी छताकडं बघितलं. थोड्या वेळानं घामानं निथळलेले सर बाहेर आले आणि माझे दोन्ही दंड धरून हलवायला लागले. "त्या अध्यक्षबाई रत्नागिरीकडच्या, पावणं! मी इच्चारलं, बाई, तुमची आजी कोंबड्यांना कशी हाक मारायची? म्हणाल्या, मला कुठं आठवतंय. मी म्हटलं, डोळे मिटा आणि दाणं टाका. टाकलं की वो त्यांनी! हात असा केला आणि तोंडातनं आलं! पन्नास वर्षांनी आलं! मग डोळं पुसून त्या दुसऱ्याला म्हणाल्या, हा उपयोग." दोन दिवसांत बाईंनी फोनवरच कळवलं, की समितीनं मंजुरी दिली आहे, पत्र निघेल.

कोल्हापुरात काय उत्साह! सरांच्या बायकोनं, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरला. शिंप्याकडं जाड लोकरी कोट टाकला. पासपोर्ट हातात आला, तेव्हा त्यातल्या कोऱ्या पानांचा सरांनी वास घेतला. फक्त पत्र येईना, आणि पत्राशिवाय ना तिकीट ना व्हिसा. ऑगस्ट गेला. मी रोज फोन करायचो, पलीकडून रोज एकच उत्तर, "पत्र केव्हाच गेलंय." शेवटचा आठवडा उरला तेव्हा सरांनी मुकाट्यानं आपला निबंध आणि आवाजांची कॅसेट कुरिअरनं जर्मनीला पाठवून दिली.

परिषदेच्या दिवशी ते कॉलेजात कोट घालून आले. सप्टेंबरातलं ऊन, अंगात लोकरी कोट. कुणी हसलं नाही. दुपारी एक वाजता माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तिकडं सकाळी दहाला माझं वाचन हाय. म्हंजे आपल्याकडं दीड. येताय न्हवं?" एका रिकाम्या वर्गात मी, ग्रंथपाल आणि शिपाई असे तिघं बसलो. ठीक दीडला सर उठले, "लेडीज अँड जंटलमेन" म्हणाले आणि वीस मिनिटं असं काही वाचलं, की तिसऱ्या पानापासून खिडकीत पोरांची गर्दी झाली. ऊसगाडीची हाळी त्यांनी दिली तेव्हा खालच्या मैदानावरची क्रिकेट मॅच थांबली. शेवटी टाळ्या वाजल्या. सरांनी वाकून नमस्कार केला, कोट काढला आणि घडी करून हातावर घेतला. "झालं माझं जर्मनी," म्हणाले.

पत्र आलं चौथ्या दिवशी. टाइप करणाऱ्यानं कोल्हापूरच्या जागी सोलापूर टाइप केलं होतं. सोलापुरात त्याच नावाचं कॉलेज सापडलं, तिथं ते महिनाभर राहिलं आणि मग कुणा भल्या माणसानं इकडं वळवलं. पाकिटावर शिक्केच शिक्के. सरांनी पत्र दोनदा वाचलं, आणि मग त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मंजूर! लेखी मंजूर! बगा, सही हाय!" मी न राहवून म्हणालो, "सर, पण परिषद संपली." ते म्हणाले, "परिषद संपली. मंजुरी कुठं संपलीय?" आणि शिपायाला पेढे आणायला पिटाळलं. मला वाटलं, हा आव आहे. म्हणून मी त्यांच्या डोळ्यांत निरखून बघितलं. डोळे ओले होते, पण आव नव्हता.

दिवाळीनंतर जर्मनीहून एक पार्सल आलं. आत परिषदेत टेप केलेली कॅसेट. आम्ही सरांच्या घरी, अक्कांनी दिलेला चहा तसाच ठेवून ती ऐकली. आधी त्या विदुषीचं इंग्रजी, मग तिनंच वाचलेला सरांचा निबंध, मग सरांनीच टिपलेली बावड्याच्या रस्त्यावरची "हैक!" आणि मग कुणीतरी काहीतरी सांगितलं, हशा झाला, आणि साठ-सत्तर युरोपियन विद्वान एका सुरात ओरडले, "हाऽऽयिक!" पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. अक्का तोंडाला पदर लावून हसता हसता रडायला लागल्या. सर मात्र डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. "डावीकडचा एक जण बरोबर म्हणतोय," ते हळूच म्हणाले. "त्याच्या घरी बैल असणार."

निवृत्तीनंतर ते गावी गेले. गावात तोवर ट्रॅक्टर आले होते. सरांनी एक गाय पाळली. मधून मधून फोन यायचा, आणि आपलं बोलणं झालं की ते फोन गोठ्याकडं धरायचे. एका थंडीत फोन आला तो अक्कांचा.

दिवसकार्य आटोपल्यावर आठवड्यानं मी गेलो. दुपार होती. अक्का परड्यात गाईपाशी उभ्या होत्या आणि गाय वाटेकडं तोंड करून उन्हात ठाम. सावलीत यायला तयार नाही. "बगा की हो," अक्का म्हणाल्या, "हे गेल्यापासनं कुणाचंच ऐकत न्हाय. कन्नडात बोलून बगितलं, मराठीत बोलून बगितलं. ह्यांनी हिला काय शिकिवलं, कुणाला ठावं." मी पुढं झालो. सरांची पानन् पान मी टाइप केली होती, गावागावांच्या हाका मला पाठ होत्या. एकामागून एक मी सगळ्या म्हणून बघितल्या. गाईनं माझ्याकडं शांतपणे बघितलं आणि पुन्हा वाटेकडं तोंड केलं. सावली सरकत तिच्यापर्यंत येईतो आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो.