भर पाण्यात तापलेली बॅटरी

सिंधुला पाण्याची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची बॅटरीची. तिचा धाकटा भाऊ भागवत भोकर गावी ट्रॅक्टरच्या तापलेल्या बॅटरीची वायर ओढायला गेला होता. ठिणगी उडाली, बॅटरी तोंडासमोर फुटली आणि त्याचा एक डोळा कायमचा गेला.

पण नवऱ्याचे, लिंबाजीचे गुडघे धरले आणि गोदावरीच्या बंधाऱ्यामागच्या फुगवट्यातली त्यांची नाव तिच्या हाती आली. पल्याडच्या शिवारात हळद काढायला जाणाऱ्या बाया-गडी रोज तिच्या भरवशावर पाणी ओलांडायचे. मागच्या अंगाला इंजिन होतं, त्याला लागून बॅटरीची लाकडी पेटी. कामापुरतीच ती त्या पेटीजवळ जायची.

त्या दिवशी ऊन टळटळीत होतं. परतीच्या खेपेला नाव मधोमध आली आणि पेटीला टेकून बसलेल्या मजूर पोरीनं, पुनमनं, पाय आखडून घेतला.

"मावशी, ही पेटी चटके देऊन राहिली."

तेवढ्यात सिंधुलाही वास आला. सडक्या अंड्यांसारखा. बॅटरीतून सुटलेल्या, ठिणगीनं पेटणाऱ्या वायूचा. समोर म्हातारे ग्यानोबा ओठात बिडी धरून काडेपेटी चाचपत होते.

"आबा, काडी ओढू नका. खिशातच राहू द्या ती."

तिच्या आवाजात असं काही होतं, की ग्यानोबांनी खिशातला हात तसाच बाहेर काढला. सिंधुनं कळ ओढून इंजिन बंद केलं. इंजिन थांबलं तरच बॅटरी भरणारा डायनामो थांबणार होता, तरच बॅटरीत आणखी करंट जायचा थांबणार होता. फटफट थांबली आणि पेटीतला आवाज सगळ्यांना ऐकू आला. चुलीवर भात रटरटावा तसा.

"बॅटरी तापलीय. सगळे पुढं सरका. एकेक जण, बसूनच. उभं राहिलात तर नाव कलंडंल."

बाया एकमेकींना धरत सरकल्या. सिंधुनं तोंड फिरवलं आणि वल्ह्याच्या टोकानं पेटीचं झाकण लांबूनच उलथवलं, कोंडलेला वायू उडून जावा म्हणून. बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगली होती. तिला भागवतचा चेहरा दिसला, पट्ट्यांत गुंडाळलेला.

वैजनाथ नावाचा शेतकरी पाण्याचा कॅन घेऊन मागं तिच्यापाशी आला. "ओततो वहिनी, थंड होईल."

"न्हाई दादा. आत ॲसिड हाय, अंगावर उडंल."

"मग वायर तरी काढतो. पाना हाय माह्यापाशी."

सिंधुनं त्याचं मनगट धरलं. "माझ्या भावानं तेच केलं होतं. डोळा गेला त्याचा. तुम्ही वल्हं घ्या."

वाऱ्यानं नाव आडवी होऊन खोल पाण्याकडं ओढली जात होती. दोघं वल्हवू लागले. बॅटरी आता सिंधुच्या पाठीमागं होती. दिसत नव्हती, नुसती रटरटत होती, आणि प्रत्येक वल्ह्याला तिला वाटायचं, आता फुटणार. पुढं एक बाई पुटपुटत देवाचं नाव घेत होती. काठ जवळ येतच नव्हता.

शेवटी नाव चिखलात रुतली. माणसं गुडघाभर पाण्यातून बाहेर आली. सिंधुनं लांब दोर सोडून नाव बांधली, कुणाला जवळ फिरकू दिलं नाही आणि नांदेडच्या बॅटरीवाल्या सलीमभाईला फोन लावला.

"हात लावू नका, भाभी," तो म्हणाला. "पूरी गार होऊ द्या. उद्या मी येतो."

"आता इंजिन नको," ती घरी लिंबाजीला म्हणाली. "आधी सलीमभाई काय म्हणतो ते बघू," तो गुडघे चोळत म्हणाला.

सकाळी सलीमभाईनं डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे घालून गार झालेली बॅटरी उतरवली. आतला एक खण जळाला होता आणि डायनामोही बेसुमार करंट देत होता. "इंजिन चालूच राहिलं असतं, तर फुटली असती," तो म्हणाला. सिंधुनं त्याला डायनामोही दुरुस्त करायला सांगितलं.

डायनामो दुरुस्त झाला, नवी बॅटरी बसली. पहिल्या खेपेला माणसं नावेच्या पुढच्या भागात दाटीनं बसली. पुनम मात्र तिच्याजवळ मागं येऊन बसली.

"पुढं जा बाई," सिंधु म्हणाली. "मलाच अजून भेव वाटून राहिलंय."

पुनम उठली नाही. सिंधुनं पेटीवर हात ठेवून पाहिला. गार होती. मग तिनं चावी फिरवली.